वंदनेची वेळ

आमच्या कॉलनीतल्या विहारात पौर्णिमेची वंदना पूर्वी संध्याकाळी व्हायची. ती सकाळी होऊ लागली माझ्यामुळे, आणि त्याचं कारण मी तेव्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. हे लिहून काढायचं ठरवून बरेच महिने झाले. दरवेळी बसतो आणि आईपाशी येऊन थांबतो.

वंदना मला आईने शिकवली. ती सायखेड्याची. निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची आणि मला सोबत न्यायची. अक्षर ओळखत नव्हती, पण त्रिशरण आणि पंचशील तिला मुखोद्गत होतं. वेलींच्या ओळींमधून चालता चालता ती एक ओळ म्हणायची, मी मागून म्हणायचो. चुकलो तर थांबायची, पुढची ओळ द्यायची नाही. पुढे मी शिकलो, सरकारी कार्यालयात कारकून झालो, नाशिकला घर घेतलं, तिला घेऊन आलो. पुस्तकात ते शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा तिचा एकही उच्चार चुकीचा निघाला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं होतं.

माझा आवाज बरा आहे. लोक तो चांगला आहे म्हणायचे. विहारात पुढे बसून वंदना सांगण्याचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मग लग्नं, नामकरणं, घरभरणी, शोकसभा. कॉलनीत कुणाकडे काही असलं की आधी मला विचारायचे, त्या दिवशी मोकळा आहेस का. पुढे बसलेल्याने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून. आई पांढरं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसायची आणि म्हणताना नेहमी मागे राहायची. सगळ्यांचं म्हणून झालं की तिचा शेवटचा शब्द एकटाच यायचा. तो आला की मी पुढची ओळ घ्यायचो. लोकांना वाटायचं, प्रत्येक ओळीनंतर थांबण्याची माझी ती पद्धत आहे.

पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. तेही मी सांगायचो, लोक म्हणायचे.

पिणं सुरू झालं ते कार्यालयातल्या मित्रांबरोबर, आठवड्याच्या शेवटी, हसत खेळत. पुढे आठवड्याच्या मध्येही. मग मित्र लागेनासे झाले. कार्यालय सुटलं की वाटेत क्वार्टर घ्यायची, स्कूटरच्या डिकीत ठेवायची, पार्किंगमध्येच थोडी घेऊन मग वर जायचं. कधी भांडण केलं नाही, कधी रस्त्यात पडलो नाही, कार्यालयात खाडा नाही. दारुडा म्हणून जो माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता त्याच्याशी माझं काहीच जुळत नव्हतं. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. ज्या दिवशी वंदना सांगायची त्या दिवशी ती होईपर्यंत मी थेंबाला शिवत नसे. बायकोने विषय काढला की मी हेच सांगायचो. मला सोडता येते, पौर्णिमेला बघतेस ना तू.

एकदा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पौर्णिमा महिन्यातून एकदाच येते."

मी चिडलो. पंचशीलाची थट्टा करतेस म्हणालो. थट्टा कोण करत होतं ते तिला माहीत होतं, ती भाजी निवडत राहिली.

कठीण झालं ते पौर्णिमेच्या संध्याकाळीच. दुपार कलली की अंगात काहीतरी हुळहुळायला लागायचं. विहारात मेणबत्त्या लागेपर्यंत तळहात ओले व्हायचे. मी वंदना भरभर आटपायला लागलो. आईचा शब्द यायच्या आत पुढची ओळ घ्यायला लागलो. एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "आज गाडी पकडायचीय का भाऊ?" सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी जाताना ठरवलं की ही वेळच बदलायला हवी.

समितीच्या बैठकीत मी फार चांगलं बोललो. संध्याकाळी द्वारका चौकात गाड्या अडकतात, कामावरून येणाऱ्यांना वेळेवर पोचता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना अंधारात दिसत नाही, रस्त्यावर कुत्री असतात. सकाळी मन प्रसन्न असतं, वंदना करून माणूस कामाला जाईल. समितीचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, कुणाची हरकत नव्हती. वंदना सांगणाऱ्याचीच सोय नको का पाहायला, असंही कुणी म्हणालं. पुढच्या पौर्णिमेपासून वेळ सकाळची झाली. पंचशील सांगून दिवस मोकळा व्हायचा. मला हलकं वाटलं.

आईचे गुडघे सकाळी धरलेले असायचे. ऊन वर येईपर्यंत ती पलंगावरून उठू शकत नसे, आणि नाशिकच्या थंडीत तर जेवायच्या वेळेपर्यंत पाय सरळ होत नसत. हे मला माहीत होतं. तिच्या पायांना तेल मीच लावायचो. तरी बैठकीत म्हाताऱ्या माणसांच्या सोयीवर बोलताना माझ्या डोळ्यांसमोर ती आली नाही. सकाळच्या पहिल्या वंदनेला निघालो तेव्हा ती म्हणाली, "तू जाय भाऊ. मी हितूनच म्हणते." येताना मी तिच्यासाठी डब्यात खीर आणली. तिने विचारलं, कोण कोण आलं होतं. मी नावं सांगितली. तिने खीर खाल्ली आणि डबा पुसून दिला.

तेव्हापासून दर पौर्णिमेला मी खीर आणायचो आणि ती नावं विचारायची. ती पुन्हा विहारात गेली नाही.

एके दिवशी तिने मला म्हटलं, "भाऊ, माझ्यापुरतं एकदा घरात म्हणशील का? सांजच्याला. मला सांजच्याला बरं असतंय."

मी लगेच हो म्हणालो. उद्याच म्हणू. दुसऱ्या दिवशी यायला उशीर झाला. मग वर्षअखेरीची कामं निघाली. ती काही दिवस जाऊ द्यायची आणि पुन्हा विचारायची, तक्रारीच्या सुरात नाही, भाजी काय आणू असं विचारावं तसं. मी पुन्हा उद्या म्हणायचो. संध्याकाळी घरी पोचायच्या आधी माझी सुरुवात झालेली असायची, आणि त्या तोंडाने मी शील सांगणार नव्हतो. त्यातही मला माझा प्रामाणिकपणाच दिसत होता.

मग एका संध्याकाळी घरी आलो तर ती तयार होती. पांढरं लुगडं. टेबलावरच्या दोन्ही प्रतिमा पुसलेल्या, पुढे मेणबत्ती लावलेली. माझी वाट पाहण्यात ती अर्धीअधिक जळून गेली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी पार्किंगमधून येत होतो. बडीशेप खाल्ली होती, तरी मला माझाच वास येत होता. मी दारातूनच म्हणालो, आई, घसा बसलाय.

ती पलंगाचा आधार घेत उठली, चिमटीने मेणबत्ती विझवली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. "राहू दे. उरलीय, कामी येईन," म्हणाली. मग भिंत धरत स्वयंपाकघरात गेली आणि बायकोला बाजूला सारून स्वतः हळदीचं दूध गरम केलं. पेला माझ्या हातात देऊन मी तो संपवेपर्यंत समोर उभी राहिली. "घसा जप," म्हणाली. दारूवर मी ते दूध प्यायलो. आजही हळदीच्या दुधाचा वास आला की मला खोलीबाहेर जावं लागतं.

त्यानंतर तिने विचारलं नाही.

दरम्यान माझे हात सकाळी थरथरायला लागले होते. बायको चहा देताना कप अर्धाच भरायची, का ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कार्यालयात सही करताना पेन कागदावर टेकवून थोडा वेळ तसंच धरून ठेवायचो. मला वाटलं साखर असेल. साखर तपासली, रक्तदाब तपासला, डोळे तपासले. डॉक्टरांनी दारूबद्दल विचारलं तर कधीमधी म्हणालो. मग लक्षात आलं की सकाळी एक घोट घेतला की हात थांबतात. स्टीलची पाण्याची बाटली डिकीत राहायला लागली. त्याला पिणं म्हणावं असं मला वाटत नव्हतं, कारण त्यात मजा अशी काही नव्हती. गोळी घ्यावी तसं ते होतं. पौर्णिमेच्या सकाळी मात्र मी तो घोट घेत नसे. हात मांडीखाली दाबून वंदना सांगायचो. पुरावा अजून शाबूत होता.

आई झोपेतच गेली. सकाळी बायको तिला उठवायला गेली आणि मला हाक मारली, तशी हाक मी आधी कधी ऐकली नव्हती. थोड्या वेळात घर भरलं. मुलगी पुण्याला नोकरीला असते. ती येईपर्यंत थांबायचं ठरलं. लोक पाठीवर हात ठेवून बसले होते, मला एकट्याला उठता येत नव्हतं. जसजशी दुपार होऊ लागली तसतसा मी थरथरायला लागलो. आधी बोटं, मग मनगटं, मग जबडा. घामाने सदरा भिजला. शेजारच्या मावशी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "रड भाऊ, मोकळा हो. लय जीव होता तुझा तिच्यावर." कुणीतरी पंखा वाढवला. आईवर एवढा जीव असणारा मुलगा हल्ली बघायला मिळत नाही, असं कुणी हळू आवाजात बोललं.

माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आई समोर होती, तिच्या अंगावर तेच पांढरं लुगडं होतं, आणि माझ्या डोक्यात डिकीतली बाटली सोडून दुसरं काही नव्हतं. ते शोकाचं कापणं नाही हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं, आणि तरी मी लोकांना सांत्वन करू दिलं.

मुलीची रिक्षा आली का ते बघून येतो असं सांगून मी खाली उतरलो. डिकी उघडली, बाटलीचं झाकण दोन्ही हातांनी कसंबसं फिरवलं. पीत होतो तेवढ्यात गेटमधून गाडी आत आली आणि मुलगी उतरली. तिला वाटलं मी पाणी पितोय. ती रडत येऊन मला बिलगली, आणि मग तिचं रडणं थांबलं. ती मागे सरली.

"पप्पा," ती म्हणाली, "आज तरी."

मी दोन्ही हात तिच्यासमोर धरले. "हात बघ माझे. बघ, थांबले."

मला तिला धीर द्यायचा होता. आता मी नीट आहे, आता मी वंदना सांगू शकतो, काळजी करू नकोस, एवढंच सांगायचं होतं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते खरंच थांबले होते. आई गेली त्या दिवशी माझं शरीर आईसाठी कापत नव्हतं, ते बाटलीसाठी कापत होतं आणि बाटली मिळाल्याबरोबर शांत झालं होतं. मला सोडता येते, हे मी इतकी वर्षं बोलत आलो होतो ते कुणाबद्दल, असं मला त्या वेळी वाटलं. ती जिना चढून आजीकडे गेली.

अमरधामच्या स्मशानभूमीत वंदना मीच सांगितली. दुसऱ्या कुणी सांगावी हे कुणाच्या मनातही आलं नाही. आवाज स्वच्छ लागला. प्रत्येक ओळीनंतर जुन्या सवयीने थांबलो. लोकांचं म्हणून व्हायचं आणि पुढे काही यायचं नाही. पाचव्या शीलाला मुलगी माझ्यासमोर उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. नंतर लोक म्हणाले, काय धीर आहे माणसाचा.

पुण्याला परत जायच्या आधी मुलीने मला डॉक्टरकडे नेलं. मी तिला सांगितलं होतं की डॉक्टर वगैरे नको, उद्यापासून बंद, घरातच राहतो. डॉक्टर बाई माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, सकाळी घ्यावी लागते का. मी मुलीकडे पाहून हो म्हणालो. घेतली नाही तर काय होतं, हेही विचारलं. शेवटची आनंदासाठी कधी घेतली होती, ते मला आठवेना. त्या म्हणाल्या, घरी एकदम बंद करायची नाही. शरीराला इतकी सवय झाली असताना ती अचानक तोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. हे दवाखान्यात राहून, औषधांखाली करायचं. हा आजार आहे असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुठेही दोष देणं नव्हतं आणि मला ते सहन होईना. मला कुणीतरी रागवावं असं वाटत होतं.

भरती झालो. त्या दिवसांबद्दल फार लिहिता येत नाही. बरंचसं आठवत नाही, आणि जे आठवतं त्यात आई भिंतीला टेकून बसलेली असते.

घरी आल्यावर गुरुजींकडे गेलो. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी उभ्यानेच सांगितलं की वंदना सांगायचा मला अधिकार नाही, दुसरं कुणी बघा. आणि वेळ मी माझ्या पिण्यासाठी बदलून घेतली होती, ती परत संध्याकाळची करा. गुरुजींनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि मला बसायला सांगितलं. मग म्हणाले की माझी आई यायची बंद झाली तेव्हा चौकशीला ते आमच्या घरी आले होते, मी कार्यालयात होतो. सकाळी पाय चालत नाहीत हे तिच्याकडून कळल्यावर, वेळ परत संध्याकाळची करतो, असं ते तिला म्हणाले होते.

"ती काय म्हणाली सांगू?" गुरुजी म्हणाले. "म्हणाली, सांजच्याला ठेवली तर त्याला जमायचं नाय गुरुजी, अन् लोकांना कळंन. राहू द्या सकाळचीच. माझं मी घरात म्हणते."

गुरुजी आत जाऊन पाणी घेऊन आले.

म्हणजे तिला सुरुवातीपासून माहीत होतं. बडीशेप, बसलेला घसा, सगळं. माहीत असून तिने दूध गरम केलं. मला सांजच्याला बरं असतंय म्हणत ती माझ्याकडे काय मागत होती ते मला त्या व्हरांड्यात कळलं. वंदना तिला येतच होती, ती मलाही तिनेच शिकवली होती. तिला माझी एक संध्याकाळ हवी होती, कोरी. लहानपणी चुकलो की ती पुढची ओळ द्यायची नाही, थांबून राहायची. तशी ती थांबून राहिली होती.

वेळ बदलली. आता वंदना पुन्हा संध्याकाळी असते, कॉलनीतल्या एक शिक्षिका सांगतात. पहिल्याच पौर्णिमेला मागच्या गल्लीतल्या एक आजी नातीचा हात धरून आल्या. इतक्या वर्षांनी कशा आलात, असं कुणी विचारलं तर म्हणाल्या, सकाळी घरातून कोण आणणार मला, सगळ्यांची कामाची घाई. मी मागच्या ओळीत भिंतीपाशी बसलो होतो. खाली मान घातली.

पण त्याच्या आधी, दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांनी, एका संध्याकाळी मी आईच्या खोलीत बसलो. ड्रॉवर उघडला तर ती उरलेली मेणबत्ती तशीच होती, वातीवर तिच्या बोटांनी चिमटल्याची खूण होती. प्रतिमा पुसल्या. मेणबत्ती लावताना हात थोडे कापले, डॉक्टर म्हणाल्या होत्या की काही दिवस कापतील. ओढ होती. ती आजही असते, ती नाही असं मी पुन्हा कधी म्हणणार नाही. बायको आली आणि काही न विचारता बाजूला बसली.

मी ओळ म्हटली. ती मागून म्हणाली. मी थांबलो. पहिल्या शीलानंतर तिने माझ्याकडे पाहिलं, पुढे का जात नाही म्हणून. मग तिला कळलं असावं. नंतर प्रत्येक ओळीला तीही माझ्याबरोबर थांबली, तिच्या सासूला शेवटचा शब्द म्हणायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. पाचवं शील मी म्हटलं तेव्हा तोंडाला कशाचाच वास नव्हता. आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. मेणबत्ती तळाशी आली होती, आणि पुढे म्हणायला हवं होतं, पण मला ओळ घेता येईना.